पॉवर सेव्हरचा डबा, घटलेला करंट आणि संमिश्र संख्या

घाटपायथा | सोमवार, रात्री ९:१८

आमच्या तालुक्याच्या गावी प्रदर्शन लागलं होतं. लोणची, पापड, ॲक्युप्रेशरच्या चपला आणि एका स्टॉलवर वीज वाचवणारा डबा. विक्रेत्याने लाकडी बोर्डावर जुनी चार फुटी ट्यूब, तांब्याचा चोक, स्टार्टर आणि काट्याचा अँमीटर बसवलेला. ट्यूब लावली, काटा ०.४३ अँपिअरवर. डबा सॉकेटात खोचला, काटा ०.२४ वर. ट्यूबचा उजेड तेवढाच. "बघा साहेब, बिल निम्मं!" पाच-सहा जणांनी माझ्यासमोर डबे घेतले.

मी घेतला नाही, पण डोक्यात भुंगा लागला. भाची इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिला विचारलं. ती म्हणाली, आत कपॅसिटर असणार, ३.६ मायक्रोफॅरडच्या आसपासचा. तो एकटा जोडला तरी ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे ०.४३ मध्ये ०.२६ मिळवायचे आणि उत्तर ०.२४! वर वहीच्या कोपऱ्यात दोन ओळी जे-बिजे (इंग्रजी j) घालून खरडल्या आणि म्हणाली, "मामा, संमिश्र संख्या आहेत, राहू दे."

राहू कसं देणार? कॉलेजात संमिश्र संख्या केल्या होत्या, पण वर्गसमीकरणाची मुळं काढण्यापलीकडे त्यांचा उपयोग कुणी सांगितला नाही. तेव्हा जाणकारांनी प्रकाश टाकावा:
१. ही बेरीज कशी काय?
२. बिल खरंच कमी होईल का?
३. उणे एकच्या वर्गमुळाचा आमच्या ट्यूबलाइटशी संबंध काय?

फ्यूजवायर | सोमवार, रात्री ९:३१

डबा घेऊ नका. बाकी चर्चा चालू द्या.

उणेएक | सोमवार, रात्री १०:५२

प्रश्न ३ आधी घेतो, मग १ आपोआप सुटेल.

घरातला व्होल्टेज सेकंदाला ५० आवर्तनं करतो. सर्किटमध्ये नुसता हीटर किंवा इस्त्री असेल तर करंट व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. कॉइल असेल (चोक, मोटर) तर करंट मागे रेंगाळतो. कपॅसिटर असेल तर पुढे पळतो. शुद्ध कॉइल किंवा शुद्ध कपॅसिटर असला तर हे अंतर बरोबर पाव आवर्तनाचं, म्हणजे ९० अंश किंवा ५ मिलिसेकंद. त्यामुळे ए.सी.मध्ये करंट सांगताना 'किती' एवढं पुरत नाही, 'किती आणि कुठल्या कोनात' असं जोडीनं सांगावं लागतं. अँमीटर त्यातलं पहिलंच सांगतो. स्टॉलवाल्याचं सगळं दुकान तेवढ्यावर चाललंय.

आता अशा जोडीची बेरीज-गुणाकार करायला कोणत्या संख्या वापरायच्या? संमिश्र संख्या म्हणजे प्रतलावरचा एक बिंदू. त्याला जे ने (म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाने) गुणलं की तो बिंदू शून्याभोवती ९० अंशात फिरतो. दोनदा गुणलं की १८० अंशात, म्हणजे नेमका उलट्या बाजूला. जे चा वर्ग उणे एक, याचा अर्थ इतकाच. गणितवाले आय लिहितात, पण वीजवाल्यांनी ते अक्षर करंटला देऊन टाकलंय.

कपॅसिटरमधला करंट हा व्होल्टेज किती वेगाने बदलतोय यावर ठरतो, म्हणजे डेरिव्हेटिव्ह आला. कॉइलमध्ये हेच उलट, करंटच्या बदलाच्या वेगावर व्होल्टेज ठरतो. आणि साइन वेव्हचा डेरिव्हेटिव्ह काढला की पुन्हा साइन वेव्हच मिळते, फक्त ओमेगा (२ × पाय × फ्रीक्वेन्सी) पट मोठी आणि ९० अंश पुढे सरकलेली. म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढायचा असेल तिथे जे-ओमेगाने गुणायचं, विषय संपला. जे काम डिफरन्शियल समीकरणं मांडून करायचं ते साध्या गुणाकार-भागाकारावर आलं आणि ओहमचा नियम डी.सी.मध्ये शिकलो तसाच्या तसा परत मिळाला. रेझिस्टन्सच्या जागी इम्पिडन्स, एवढाच फरक.

५० हर्ट्झला ओमेगा ३१४. कॉइलचा इम्पिडन्स जे × ३१४ × एल (इंडक्टन्स). कपॅसिटरचा १ ÷ (जे × ३१४ × सी), सी म्हणजे कपॅसिटन्स.

आता तुमची ट्यूब. २३० ÷ ०.४३ = ५३५ ओहम. तांब्याच्या चोकवर ट्यूबचा पॉवर फॅक्टर (करंट-व्होल्टेजमधल्या कोनाचा कोसाइन) साधारण ०.५ असतो, म्हणजे कोन ६० अंश. इम्पिडन्स झाला २६७ + जे ४६३ ओहम. यातले ४६३ चोकचे, त्यावरून त्याचं इंडक्टन्स दीड हेन्रीला जरा कमी.

ट्यूबचा करंट = २३० ÷ (२६७ + जे ४६३) = ०.२१५ − जे ०.३७३
कपॅसिटरचा करंट = २३० × जे × ३१४ × ३.६ मायक्रोफॅरड = + जे ०.२६०
बेरीज = ०.२१५ − जे ०.११३

शेवटच्या संख्येचा आकार काढा: दोन्ही भागांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. ०.२४३ येतो. भाची पास.

प्रश्न २ चं उत्तरही याच तीन ओळींत आहे. ०.२१५ कडे बघा. डबा लावण्याआधी ०.२१५, लावल्यानंतरही ०.२१५. घरगुती मीटर फक्त या वास्तव भागाचे पैसे लावतो: २३० × ०.२१५ = ४९.५ वॉट. कपॅसिटरने जो करंट हलवला तो सगळा जे च्या बाजूला.

निशिगंधा_स | सोमवार, रात्री ११:०५

वाचनखूण साठवली आहे. पहिल्यांदाच जे ने फिरवणं म्हणजे काय ते डोळ्यासमोर आलं.

तिरफळ | मंगळवार, सकाळी ७:४०

पण वायरीतून करंट खराच कमी झाला ना? मग वायर कमी तापेल, म्हणजे थोडी का होईना बचत झालीच की.

उणेएक | मंगळवार, सकाळी ८:१५

झाली. हिशेब करून टाका. डब्यापर्यंतच्या घरच्या वायरिंगचा रेझिस्टन्स भरपूर धरून १ ओहम घेतला तर आधी ०.४३ चा वर्ग, ०.१८५ वॉट वायरीत जात होते. आता ०.०५९. वाचले ०.१२६ वॉट. आठ हजार तास ट्यूब चालली की एक युनिट वाचेल. रोज पाच तास लावली तर साडेचार वर्षांच्या आसपास.

जे च्या बाजूचा करंटसुद्धा वायर तापवतोच हे मात्र खरं. गणितात त्याला काल्पनिक म्हणतात म्हणून वायर त्याला सूट देत नाही.

सबस्टेशनवाले | मंगळवार, सकाळी ९:५५

उणेएक यांनी छान मांडलंय. नोकरी याच खात्यात गेल्यामुळे थोडी भर घालतो.

विक्रेत्याची युक्ती अशी की जी गोष्ट कारखान्यात खरी आहे ती तो घरात विकतोय. आपल्या राज्यात उच्चदाब ग्राहकांचं बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (किलोव्होल्ट-अँपिअर-तासांवर) निघतं. म्हणजे वास्तव भागावर नाही, अख्ख्या संमिश्र संख्येच्या आकारावर. तिथे कपॅसिटर बँक लावली की बिल खरोखर उतरतं. त्याआधीही पॉवर फॅक्टर घसरला की दंड होताच. म्हणून कारखान्यांत एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं) पॅनल असतं. लोड बघून ते कपॅसिटरच्या पायऱ्या आत-बाहेर करतं. कपॅसिटर कायमचा जोडून ठेवला आणि रात्री मोटरी बंद झाल्या तर उणे जे चं अधिक जे होतं आणि आकार पुन्हा फुगतो. कित्येक ठिकाणी नवा इलेक्ट्रिशियन "कपॅसिटर जास्त तेवढं चांगलं" म्हणून चालू ठेवतो आणि मालक बिल बघून बोंबलतो.

एक तांत्रिक गोष्ट, भाचीला परीक्षेत उपयोगी. पॉवर काढताना व्होल्टेज गुणिले करंट असं सरळ करायचं नाही, करंटचा कॉन्जुगेट (जे च्या भागाचं चिन्ह उलटलेली संख्या) घ्यायचा. ट्यूबसाठी: २३० × (०.२१५ + जे ०.३७३) = ४९.५ + जे ८५.८. पहिले वॉट, दुसरे व्हार (जे च्या बाजूच्या पॉवरचं एकक). मार्क इथेच जातात.

तिरफळ | मंगळवार, सकाळी १०:२०

कॉन्जुगेट का पण? आम्हाला सरांनी "घ्यायचा" एवढंच सांगितलं होतं. :)

उणेएक | मंगळवार, दुपारी १:३५

दोन संमिश्र संख्या गुणल्या की त्यांच्या कोनांची बेरीज होते. पॉवरला हवी असते वजाबाकी, करंट व्होल्टेजच्या किती मागे आहे ती. कॉन्जुगेट घेतला की एका कोनाचं चिन्ह उलटतं आणि बेरजेची वजाबाकी होते.

अजून पटत नसेल तर असं बघा. आपण शून्य वेळ कुठे धरली यावर कोन ठरतात. मी घड्याळ २ मिलिसेकंद उशिरा सुरू केलं तर व्होल्टेज आणि करंट दोघांचेही कोन ३६ अंशांनी वाढतील. बेरीज ७२ ने बदलली, वजाबाकी जागच्या जागी. ट्यूब किती वॉट घेते हे माझ्या घड्याळावर अवलंबून असून कसं चालेल?

जुनाखोड | मंगळवार, दुपारी ४:०२

चर्चा वाचून मजा आली. पण हे जे-बिजे नसतं तरी काही अडत नाही. आम्ही आयटीआयला फेजर (करंट-व्होल्टेजचे बाण) ग्राफ पेपरवर काढायचो. पट्टी, कोनमापक, एक सेंटिमीटरला पाच सेंटिअँपिअर. ट्यूबचा बाण ६० अंश खाली, कपॅसिटरचा सरळ वर, टोकाला टोक जोडलं की उत्तर. मुलांना आधी हे शिकवा. हल्लीची पोरं कॅल्क्युलेटरची बटणं दाबतात, पण बाण कुठल्या बाजूला जातो ते सांगता येत नाही.

उणेएक | मंगळवार, संध्याकाळी ६:४८

काका, चित्र आधी याला शंभर टक्के सहमत. तुमचा ग्राफ पेपर आणि माझ्या तीन ओळी एकच आहेत.

पण चित्र एका-दोन फांद्यांपर्यंतच पुरतं. मॅक्सवेल ब्रिज (कॉइल मोजायचं चार भुजांचं सर्किट) आठवतोय? अज्ञात कॉइल एका भुजेत, समोरच्या भुजेत रेझिस्टन्स आर-१ आणि कपॅसिटर सी-१ समांतर, उरलेल्या दोन भुजांत नुसते रेझिस्टन्स आर-२ आणि आर-३. ब्रिज बॅलन्स झाला की समोरासमोरच्या इम्पिडन्सचे गुणाकार सारखे. हे समीकरण लिहायला एकच, पण दोन संमिश्र संख्या समान म्हणजे त्यांचे वास्तव भाग समान आणि जे चे भागही समान. एका ओळीतून दोन उत्तरं निघतात:

कॉइलचा रेझिस्टन्स = आर-२ × आर-३ ÷ आर-१
कॉइलचं इंडक्टन्स = आर-२ × आर-३ × सी-१

फ्रीक्वेन्सी दोन्हींतून उडाली! म्हणजे सप्लाय ५० हर्ट्झ आहे की ४८, फरक पडत नाही. शिवाय ब्रिजला दोन नॉब का लागतात, आणि एकच नॉब फिरवत बसलं तर काटा शून्यावर का येत नाही, तेही कळलं. हे कोनमापकाने काढून दाखवा, मी तुमच्या गावी येऊन जेवण घालतो.

जुनाखोड | मंगळवार, रात्री ८:१०

बरं बुवा. जेवण मात्र घाला.

पुस्तकवेडा | मंगळवार, रात्री १०:२६

अवांतर, पण इतिहास रोचक आहे. ही पद्धत रुजवली चार्ल्स स्टाइनमेट्झने. जन्म १८६५, तेव्हाच्या प्रशियातल्या ब्रेस्लाऊत. पाठीला जन्मापासून बाक. समाजवादी चळवळीमुळे पोलीस मागे लागले म्हणून देश सोडला, १८८९ मध्ये अमेरिकेत पोचला. ऑगस्ट १८९३ मध्ये शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्याने ए.सी. सर्किटसाठी संमिश्र संख्या कशा वापरायच्या यावर निबंध मांडला. साल आणि शहर ओळखीचं वाटलं ना? त्याच जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत पुढच्याच महिन्यात विवेकानंद बोलले.

दुसरा गडी आपल्याला जास्त जवळचा. आर्थर केनेली. इम्पिडन्स ही संमिश्र संख्या मानून ओहमचा नियम ए.सी.ला लावता येतो हे त्याने त्याच वर्षी, स्टाइनमेट्झच्या काही महिने आधी अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडलं होतं. हा केनेली जन्मला कुठे? कुलाब्यात, १८६१ साली! आकाशात रेडिओलहरी परतवणाऱ्या थराला पुढे केनेली-हेविसाइड थर म्हणायला लागले, तोच हा. हेविसाइड म्हणजे ज्याने 'इम्पिडन्स' हा शब्द १८८६ मध्ये रूढ केला तो.

निशिगंधा_स | मंगळवार, रात्री १०:४०

कुलाब्याचा केनेली! हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

टेस्टबेंच | बुधवार, सकाळी ११:१२

रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. वरचं ट्यूबचं गणित आकड्यांना धरून बसतं खरं, पण ट्यूब म्हणजे साधा रेझिस्टन्स नाही. उणेएक यांच्या मॉडेलमधून ट्यूबच्या दोन टोकांवर साधारण ११५ व्होल्ट आणि चोकवर २०० येतात. (बेरीज ३१५ आणि सप्लाय २३०, तीही कोनांचीच करामत.) प्रत्यक्षात चार फुटी ट्यूबवर १०० च्या आसपास मोजले जातात. कारण आतल्या वायूतला डिस्चार्ज दर अर्ध्या आवर्तनात विझून पुन्हा पेटतो आणि ट्यूबवरचा व्होल्टेज चौकोनी आकाराचा दिसतो, साइन वेव्हसारखा नाही. चोक करंटला बऱ्यापैकी गुळगुळीत करतो म्हणून आपलं गणित निभावून गेलं.

संमिश्र संख्यांची ही पद्धत चालायला तीन अटी लागतात. एकच फ्रीक्वेन्सी, सर्किट लिनिअर (व्होल्टेज दुप्पट तर करंटही दुप्पट), आणि स्विच टाकून बराच वेळ झालेला. हल्लीचे स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर दुसरी अट सरळ मोडतात. ते व्होल्टेजच्या शिखराजवळ करंटचा एक घास घेतात आणि बाकीचा वेळ गप्प बसतात. तिथे पॉवर फॅक्टर वाईट असतो तो कोनामुळे नसतोच, आकार बिघडल्यामुळे असतो, आणि त्याला कपॅसिटर जोडून काही होत नाही. म्हणजे स्टॉलवाल्याने बोर्डावर तांब्याच्या चोकची ट्यूबच का लावली ते बघा. एलईडी लावला असता तर त्याचा काटा खाली यायच्या ऐवजी वर गेला असता.

सबस्टेशनवाले | बुधवार, दुपारी १२:३०

+१. यातूनच एक खरा उपद्रव सांगतो. एका ऑफिसच्या इमारतीत तिन्ही फेजचा लोड नीट वाटलेला, तरी न्यूट्रल हाताला चटका बसेल इतका गरम.

थ्री फेजमध्ये १२० अंश फिरवणारी एक संख्या वापरतात, तिला 'ए' म्हणतात: −०.५ + जे ०.८६६. तीन फेज म्हणजे १, ए आणि ए-वर्ग. तिन्हींची बेरीज शून्य. लोड सारखा असेल तर न्यूट्रलमधून करंट जायला नको, तो यामुळे. पण कॉम्प्युटरचे सप्लाय १५० हर्ट्झचा करंट भरपूर ओढतात, म्हणजे ५० ची तिप्पट, तिसरा हार्मोनिक. त्याला १२० अंशाचं सरकणं तिप्पट होऊन लागतं, ३६० अंश. ए चा घन १ होतो. म्हणजे १ + ए + ए-वर्ग = ० च्या जागी १ + १ + १ = ३. तिन्ही फेजचे तिसरे हार्मोनिक न्यूट्रलमध्ये एकमेकांना मारण्याऐवजी साचतात. वायरमनने जुन्या पद्धतीने न्यूट्रल बारीक ओढलेला. बदलून जाड टाकावा लागला.

पहाटपाळी | बुधवार, दुपारी ३:१५

पंख्यात पण २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, तोही पॉवर फॅक्टरसाठी का?

फ्यूजवायर | बुधवार, दुपारी ३:२२

नाही. तो दुसऱ्या वाइंडिंगच्या सिरीजमध्ये असतो. ५० हर्ट्झला त्याचे − जे १२७३ ओहम होतात, त्यामुळे त्या वाइंडिंगचा करंट पुढे सरकतो आणि दोन वाइंडिंगमध्ये मिळून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कपॅसिटर गेला की पंखा नुसता हुं करतो, काठीने ढकलला की फिरायला लागतो.

घाटपायथा | बुधवार, रात्री ९:०५

सगळ्यांचे आभार. भाचीला धागा दाखवला. तिचा प्रश्न: वास्तव भाग + जे भाग या फॉर्मपासून आकार-कोनाच्या फॉर्मला हाताने बदलत बसायला परीक्षेत वेळ जातो, कॅल्क्युलेटरवर थेट होतं का?

टेस्टबेंच | बुधवार, रात्री ९:४०

कॅसिओचा ९९१ ईएस कॅल्क्युलेटर असेल तर मोड, २, कॉम्प्लेक्स. कोनाचं चिन्ह शिफ्ट आणि (−) वर. २३० ÷ (२६७ + ४६३ आय) असं सरळ टाकायचं, कॅल्क्युलेटरवर जे ला आय म्हणतात. डिग्री मोड आहे ना ते आधी बघायचं. रेडियनमध्ये राहिला तर उत्तर दिसायला अगदी सोज्वळ येतं आणि साफ चुकीचं असतं. आणि जुनाखोड काकांचं ऐकून शेजारी बाणाचं छोटं चित्र काढायला सांगा. कॉइल असून करंटचा जे भाग अधिक आला तर कुठेतरी घोळ आहे हे चित्रावरून लगेच दिसतं.

दळणदाता | गुरुवार, सकाळी ८:५०

माझी पिठाची गिरणी आहे, १० एचपीची थ्री फेज मोटर. वरचं सगळं वाचलं, निम्मं कळलं. मला कपॅसिटर किती लावावा लागेल?

सबस्टेशनवाले | गुरुवार, सकाळी १०:१०

आधी बिल काढून बघा, केव्हीएएच किंवा पॉवर फॅक्टरचा आकार लावलाय का. नसेल तर घाई नाही.

लावला असेल तर: १० एचपी म्हणजे शाफ्टवर ७.४६ किलोवॉट. एफिशियन्सी ८७ टक्के धरली तर मोटर ८.६ किलोवॉट घेते. पूर्ण लोडवर पॉवर फॅक्टर ०.८ धरा, म्हणजे ८.६ + जे ६.४. ०.९५ वर न्यायचं तर जे चा भाग २.८ पर्यंत खाली हवा. फरक ३.६ केव्हीएआर (हजार व्हार), बाजारात ४ चा मिळतो. ४०० व्होल्टला करंट साडेपंधरा अँपिअरवरून १३ वर येईल.

मोटरच्या स्टार्टरनंतर जोडा, म्हणजे मोटरबरोबरच बंद होईल. आणि ४ च्या जागी १० चा लावून टाकू नका. मोटरला रिकामी फिरताना लागणाऱ्या मॅग्नेटायझिंग करंटपेक्षा कपॅसिटरचा करंट जास्त झाला तर स्टार्टर पडल्यावरही मोटर फिरत असेपर्यंत स्वतःच जनरेटरसारखी वागते आणि व्होल्टेज चढतो. दळण कमी असतं तेव्हाही मोजून घ्या. रिकामी फिरणारी मोटर वॉट कमी घेते, पण जे चा भाग फारसा घटत नाही.

दळणदाता | गुरुवार, सकाळी १०:३२

बिलात फक्त युनिटचेच पैसे दिसतात. मग राहू द्या. इलेक्ट्रिशियनने १० केव्हीएआरचं कोटेशन दिलं होतं, ते परत पाठवतो.